नोंद कुठे आहे?

जमीन घेताना छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला माणूस किती खबरदारी घेतो, हे तहसील कार्यालयाच्या आवारात कोणत्याही कामाच्या दिवशी दिसते. सातबारा काढला जातो, फेरफार तपासले जातात, बोजा आहे का ते पाहिले जाते, वकिलाकडून शोध अहवाल घेतला जातो, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली जाते. हाच माणूस क्रिप्टो एक्स्चेंजवर खाते उघडतो तेव्हा यातले काहीच घडत नाही. अॅप उतरवले, आधार आणि पॅनचे फोटो चढवले, यूपीआयने पैसे पाठवले, झाले. शंका आलीच तर ती ओळखीच्याला विचारली जाते आणि उत्तर मिळते, ‘चालतंय की, मी वापरतोय.’ या उत्तरात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. अॅप चालते, ही पहिली. ते भारतात कायद्याने चालवले जाते, ही दुसरी. आणि त्यात ठेवलेला पैसा सुरक्षित आहे, ही तिसरी. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही, दुसरीवरून तिसरी सिद्ध होत नाही. तरीही दुसरी गोष्ट तपासल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये, आणि ती तपासण्याचा भार आज जितका सामान्य माणसावर टाकला आहे तितका राहू नये, एवढेच या लेखात मांडायचे आहे.

गोंधळ होण्याला कारण आहे, कारण भारतीय कायद्याची वाटच वळणावळणाची आहे. रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांबाबत पहिला जाहीर इशारा डिसेंबर 2013 मध्ये दिला. 6 एप्रिल 2018 च्या परिपत्रकाने तिने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितले आणि एक्स्चेंजना बँक खाते मिळणे बंद झाले. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला अधिकार नाही, असे न्यायालय म्हणाले नव्हते. तिच्या देखरेखीखालील संस्थांचे नुकसान झाल्याचे तिला दाखवता आले नाही, म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. 2022 च्या अर्थसंकल्पाने ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ही संज्ञा प्राप्तिकर कायद्यात आणली, तिच्यावरील नफ्याला 30 टक्के कर लावला आणि 1 जुलै 2022 पासून विक्रीच्या रकमेतून 1 टक्का उद्गम कर, म्हणजे टीडीएस, कापणे सुरू झाले. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने एक्स्चेंज मनी लाँड्रिंग प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. संसदेने मात्र या व्यवसायासाठी स्वतंत्र कायदा केलेला नाही. 2021 मध्ये विधेयक कामकाजाच्या यादीत आले, पण सभागृहात मांडले गेले नाही. त्यामुळे आजची स्थिती अशी की क्रिप्टो बाळगणे गुन्हा नाही, ते चलन नाही, आणि शेअर बाजाराला जसा सेबीचा परवाना लागतो तसा परवाना देणारी संस्थाही नाही.

मग ‘हे एक्स्चेंज भारतात कायदेशीर आहे का’ या प्रश्नाचे उत्तर कोण देणार? आज त्याच्या सर्वांत जवळ जाणारी नोंद केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाखालील फायनान्शिअल इंटेलिजन्स युनिटकडे, थोडक्यात एफआयूकडे असते. 2023 च्या अधिसूचनेनंतर भारतीय ग्राहकांना सेवा देणाऱ्या प्रत्येक एक्स्चेंजने तिथे नोंदणी करायची, ग्राहकाची ओळख पटवायची, जबाबदार अधिकारी नेमायचा, व्यवहारांच्या नोंदी जपायच्या आणि संशयास्पद व्यवहार कळवायचे. ही जबाबदारी व्यवसायावरून ठरते, कार्यालय भारतात आहे की नाही यावरून नाही. कार्यालय जगात कुठेही असो, ग्राहक भारतातला असेल तर नोंदणी लागते. म्हणूनच 28 डिसेंबर 2023 रोजी एफआयूने बायनान्स, कुकॉइन, हुओबी, क्रॅकेन, गेट डॉट आयओ, बिट्रेक्स, बिटस्टॅम्प, एमईएक्ससी ग्लोबल आणि बिटफिनेक्स या नऊ परदेशी एक्स्चेंजना कारणे दाखवा नोटिसा दिल्या आणि त्यांची संकेतस्थळे बंद करण्याची शिफारस माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला केली. जानेवारी 2024 मध्ये अॅपल आणि गुगलच्या भारतीय दुकानांतून ती अॅप दिसेनाशी झाली.

हा प्रसंग जरा जवळून पाहायला हवा, कारण ‘चालतंय की’ या उत्तराचा फोलपणा त्यात उघडा पडतो. त्या अॅपपैकी काही भारतात वर्षानुवर्षे चालत होती. खाते उघडतानाच्या देशांच्या यादीत भारताचे नाव होते, भारतीय पॅन स्वीकारला जात होता, रुपयांत भाव दिसत होते. मार्च 2023 पासून मात्र बिगरनोंदणीचे एक्स्चेंज कायद्याबाहेर गेले होते, आणि ग्राहकाच्या पडद्यावर त्याची कसलीही खूण नव्हती. दहा महिने सगळे सुरळीत दिसले आणि मग एका आठवड्यात दार बंद झाले. पुढे कुकॉइनने 34.5 लाख रुपये दंड भरून नोंदणी केली. बायनान्सला जून 2024 मध्ये 18.82 कोटी रुपयांचा, तर बायबिटला जानेवारी 2025 मध्ये 9.27 कोटींचा दंड झाला आणि त्यानंतर त्यांचे भारतातील काम पुन्हा सुरू झाले. ओकेएक्सने मात्र 30 एप्रिल 2024 पर्यंत खाती रिकामी करा असे सांगून भारतातून काढता पाय घेतला. 1 ऑक्टोबर 2025 रोजी एफआयूने आणखी 25 परदेशी एक्स्चेंजना नोटिसा काढल्या. तोवर नोंदणी झालेल्यांची संख्या 50 झाली होती. कायदेशीरपणा ही एकदा पाहून विसरायची गोष्ट नाही, हे या तारखांवरून दिसते. गेल्या वर्षीचे उत्तर यंदा खोटे ठरू शकते, आणि उलटेही.

तपासायचे म्हणजे नेमके काय करायचे? पहिले काम म्हणजे अॅपच्या नावामागची कंपनी शोधणे. अॅपचे नाव हे दुकानाच्या पाटीवरचे नाव. करार होतो तो वापराच्या अटींत लिहिलेल्या कंपनीशी. त्या अटींच्या पहिल्या काही परिच्छेदांत कंपनीचे पूर्ण नाव असते, आणि शेवटाकडे दोन महत्त्वाची कलमे असतात. एक, करार कोणत्या देशाच्या कायद्याखाली आहे. दुसरे, वाद झाला तर लवाद किंवा न्यायालय कोणत्या शहरात. सगळा दस्तऐवज वाचायचा कंटाळा येत असेल तर एवढ्या तीन जागा तरी वाचाव्यात. तिथे भारतीय कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक, पत्ता आणि संचालक पाहता येतात. दुसरे काम एफआयू नोंदणीचे. कंपनी ‘आम्ही नोंदणीकृत आहोत’ म्हणते, त्यावर थांबू नये. नोंदणी कोणत्या कंपनीच्या नावावर आहे, हे लेखी विचारावे आणि ते नाव अटींतल्या नावाशी जुळते का ते पाहावे. एफआयूची निवेदने आणि संसदेतील उत्तरे जाहीर असतात. नोटिसा मिळालेल्यांची नावे तिथे सापडतात. स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर बदलून काढलेली बनावट अॅप याच टप्प्यावर उघडी पडतात.

तिसरी तपासणी कराची आहे, आणि ती खाते उघडल्यावरही करता येते. आधी एखादा छोटाच व्यवहार करावा. समजा वीस हजार रुपयांचे नाणे विकले, तर 1 टक्क्याने दोनशे रुपये कापले जायला हवेत आणि ते यथावकाश प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनसमोर दिसायला हवेत. कापणीला काही किमान मर्यादा आहेत, पण भारतातील एक्स्चेंज साधारणपणे प्रत्येक विक्रीवर टीडीएस कापतात. कापणी होत नसेल, किंवा झाली म्हणून सांगतात पण खात्याकडे नोंद नाही, तर ते एक्स्चेंज भारतीय करव्यवस्थेला धरून चालत नाही असे समजून थांबावे. चौथी तपासणी पैशाच्या वाटेची. रुपये कंपनीच्या नावावरील खात्यात जात आहेत की दर वेळी वेगळ्याच माणसाचा यूपीआय क्रमांक दिला जातो आहे? दुसरे घडत असेल तर समोर कोणतेही नामांकित अॅप असो, आपण पैसे एका अनोळखी माणसाला देत आहोत.

यावर पहिला आक्षेप नेहमी कराचा येतो. सरकार 30 टक्के कर घेते, म्हणजे सरकारची मान्यता आहेच, मग तपासायचे काय? कर आणि मान्यता यांचा असा संबंध नसतो. कर उत्पन्नावर बसतो, आणि उत्पन्नाचा स्रोत कायदेशीर आहे की नाही यावर करआकारणी अडत नाही. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी फेब्रुवारी 2022 मध्ये राज्यसभेत हेच सांगितले होते. नफ्यावर कर लावणे हा राज्याचा अधिकार आहे, वैध की अवैध हा निर्णय त्यातून झालेला नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शिवाय कर मालमत्तेवरील नफ्याचा आहे, एक्स्चेंजच्या कारभाराचा नाही. एका एक्स्चेंजवर झालेला नफा करपात्र असतो आणि तेच एक्स्चेंज बिगरनोंदणीचेही असू शकते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. नोंदणी पाहून काय मिळते? वझीरएक्स हे भारतातले नामांकित एक्स्चेंज, त्याचे भारतीय काम पाहणारी झन्माई लॅब्ज ही कंपनी एफआयूकडे नोंदलेली, तरी 18 जुलै 2024 रोजी तिथून 23 कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे दोन हजार कोटी रुपयांची मालमत्ता चोरली गेली. ग्राहकांची नाणी पंधरा महिने अडकली. भरपाईची योजना ठरली ती सिंगापूरच्या उच्च न्यायालयात, कारण मूळ कंपनी झेट्टाई सिंगापूरची. आक्षेप खरा आहे. एफआयूची नोंदणी म्हणजे विमा नव्हे. बँक बुडाली तर ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत ठेव विमा असतो. एक्स्चेंजच्या ग्राहकाला असे काहीही नाही. एफआयूने ऑक्टोबर 2025 च्या निवेदनातच बजावले आहे की ही उत्पादने अनियंत्रित आहेत आणि तोट्यासाठी नियामकाकडे दाद मिळेलच असे नाही.

पण नोंद सुरक्षितता देत नाही म्हणून ती निरुपयोगी, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि ते समजायला संभाजीनगरकरांना दूर जायची गरज नाही. सातबारा हादेखील मालकीचा अंतिम पुरावा नसतो, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत. तरी सातबाऱ्याशिवाय कोणी जमीन घेत नाही, कारण वाद झाला तर सुरुवात तिथूनच होते. पैशाच्या बाबतीत जिल्ह्याने हे दोन्ही बाजूंनी अनुभवले आहे. बिडकीन परिसरात औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, मोबदल्याचे पैसे हाती आले, आणि त्यातले बरेच ‘तीस-तीस’ नावाच्या योजनेत गेले. परतावा अफाट, व्यवहार बहुतांशी रोखीने आणि ओळखीवर, कोणत्याही कार्यालयात नोंद नाही. फसवणूक उघड झाली तेव्हा अनेकांना तक्रार द्यायलाही हाती कागद नव्हता. दुसरे उदाहरण आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेचे. ती सहकार खात्याकडे रीतसर नोंदलेली होती, तरी जुलै 2023 मध्ये सुमारे दोनशे कोटींच्या गैरव्यवहाराचा गुन्हा दाखल झाला. पतसंस्थेच्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षण नसते, आणि ठेवीदारांचे हाल त्यात कमी झाले नाहीत. पण तिथे लेखापरीक्षण होते, ठेवीच्या पावत्या होत्या, जबाबदार धरता येईल असे संचालक मंडळ होते, आणि 1999 च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त करून विकण्याचा मार्ग होता. नोंदीने पैसा वाचवला नाही, पण भांडायला जागा दिली. बिगरनोंदीच्या योजनेत ती जागाही नसते.

वझीरएक्सच्याच प्रकरणात याचा पुरावा मिळाला. ऑक्टोबर 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाच्या अर्जावर सांगितले की क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून सांभाळायला दिली जाऊ शकते. पैसे चेन्नईच्या बँक खात्यातून गेले होते, भारतात काम करणारी कंपनी समोर होती, म्हणून लवाद सिंगापूरचा असूनही येथील न्यायालयाने अंतरिम संरक्षण दिले. भारतात पत्ता नसलेल्या कंपनीविरुद्ध हा अर्ज किती पुढे गेला असता? 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाऊ शकतो. क्रिप्टोत पैसे घालणारा ‘ग्राहक’ ठरतो का, यावर तिथे वाद होईल. पण नोटीस बजावायला समोर कुणी तरी असले, तरच तो वाद होईल.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. देशी एक्स्चेंज लुटली जातात, मग व्हीपीएन लावून जगातले मोठे एक्स्चेंज वापरलेले काय वाईट? मोठेपणा काही वेळा उपयोगी पडतो, हे मान्य करायला हवे. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिटमधून सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली, तरी त्या एक्स्चेंजने ग्राहकांना पैसे काढू देणे थांबवले नाही. पण नोव्हेंबर 2022 मध्ये कोसळलेले एफटीएक्सही जगातल्या बड्यांपैकीच होते. खरी अडचण मात्र वेगळी आहे. नाणे कितीही सीमांपलीकडचे असो, ते घ्यायला लागणारे रुपये आणि विकून आलेले रुपये भारतीय बँकेतूनच जातात. नोंदणी नसलेल्या परदेशी एक्स्चेंजला भारतीय बँक खाते मिळणे अवघड, म्हणून तिथले व्यवहार माणसामाणसांत होतात. आपण नाणे विकतो, एक्स्चेंज ते अडकवून ठेवते, खरेदीदार आपल्या खात्यात यूपीआयने रुपये टाकतो, आपण नाणे सोडतो. ते रुपये दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या फसवणुकीतून आलेले असतील, तर त्या पीडिताने 1930 या क्रमांकावर तक्रार करताच पोलीस पैशाचा माग काढत आपल्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खाते गोठवते. पगार, हप्ते, मुलांची फी, सगळे त्याच खात्यात अडकते. आपण निर्दोष आहोत हे परक्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला पटवून द्यावे लागते, आणि ‘व्यवहार अमुक एक्स्चेंजवर झाला’ असे म्हटले की पुढचा प्रश्न येतो, ते भारतात नोंदलेले आहे का?

याच ठिकाणी ‘पैसा माझा, जोखीम माझी’ हे म्हणणेही अपुरे पडते. मराठवाड्यात गुंतवणूक क्वचितच एकट्याने होते. मेहुणा, शिक्षक मित्र, शेजारी, भिशीतली मंडळी एकमेकांना ओढत आत येतात. गेनबिटकॉइन हे त्याचे सर्वांत कटू उदाहरण. ते एक्स्चेंज नव्हते. बिटकॉइन द्या आणि अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या, असे सांगणारी साखळी होती. पुणे आणि नांदेडमध्ये गुन्हे दाखल झाले, पुढे तपास सीबीआयकडे गेला, आणि फेब्रुवारी 2025 मधल्या सीबीआयच्या छाप्यांच्या यादीत नांदेड आणि कोल्हापूर ही नावे होती. अंमलबजावणी संचालनालयाने रक्कम 6,600 कोटींच्या घरात सांगितली. त्या साखळीतल्या प्रत्येकाने कुणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवला आणि आपला शब्द पुढच्याला दिला. ‘याची नोंद कुठे आहे’ असे एकाने जरी विचारले असते, तरी त्याच्या खालची सारी फांदी वाचली असती. तपासणी ही म्हणूनच केवळ स्वतःपुरती काळजी नाही. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचे ते देणे आहे.

बाहेरच्या जगात हा प्रश्न इतका विखुरलेला नाही. युरोपीय संघात डिसेंबर 2024 अखेरपासून क्रिप्टो सेवांना एकच नियमावली पूर्णपणे लागू झाली आणि परवानाधारकांची नोंदवही जाहीर आहे. ब्रिटनमध्ये वित्तीय आचार प्राधिकरणाच्या नोंदवहीत नाव टाकून पाहता येते, इशारा दिलेल्या कंपन्यांची वेगळी यादीही मिळते. दुबईत 2022 पासून यासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. सप्टेंबर 2021 मध्ये चीनने उलट टोक गाठून हे व्यवहारच बेकायदा ठरवले. दुबईत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परवाना देशापुरता असतो. तिथे चोख असलेले एक्स्चेंज, तुम्ही कायमचे संभाजीनगरला परतलात की, इथल्या कायद्यात बसेलच असे नाही, आणि गावाकडच्या भावाला त्याच अॅपचा दुवा पाठवणे म्हणजे त्याला आपल्या परवान्याचा लाभ देणे नव्हे.

भारताने क्रिप्टोला डोक्यावर घ्यावे की हद्दपार करावे, हा मोठा वाद आहे आणि तो संसदेत व्हायला हवा. पण नागरिकाला खरे-खोटे तपासता यावे यासाठी त्या वादाच्या निकालापर्यंत थांबण्याचे कारण नाही. नोंदणी झालेल्या, रद्द झालेल्या आणि नोटीस मिळालेल्या सर्व एक्स्चेंजची, अॅपचे नाव व कंपनीचे नाव शेजारी शेजारी असलेली, तारखेसह अद्ययावत यादी मराठीत उपलब्ध असावी. बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची माहिती देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ‘सचेत’ संकेतस्थळ चालवले आहे, त्याच्याशी ही यादी जोडता येईल. बँकेच्या शाखेत, ग्रामपंचायतीत, सायबर पोलीस ठाण्याच्या फलकावर ती लागावी. भूसंपादनाचा मोबदला वाटताना महसूल खात्याने ती हातात द्यावी, कारण मोठी रक्कम पहिल्यांदा हाती येते तेव्हाच गळ टाकणारे जवळ येतात. आणि नोंदणी नसलेल्या अॅपला भारतीय दुकानात जागा मिळण्याआधीच अडवावे, दहा महिन्यांनी नव्हे.

हे होईपर्यंत काम आपल्यालाच करायचे आहे, आणि ते अर्ध्या तासाचे आहे. करारातल्या कंपनीचे नाव, तिची भारतातील नोंद, टीडीएसची कापणी, आणि रुपये कोणाच्या खात्यात जातात, या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तरी गुंतवणूक चांगली ठरेल असे नाही. भाव पडू शकतो, चोरी होऊ शकते. यांतल्या एका जरी प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर मात्र पैसे पाठवू नयेत. परतावा कितीही सांगितलेला असो, आणि सांगणारा कितीही जवळचा असो.